कोरडा राहिलेला बोर्ड

मी एक जुना बोर्ड आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाचा, एका कोपऱ्याला जरा टवका उडालेला, मागच्या अंगाला अजून काळाकुट्ट. निपाणीत शिवणकाम करणाऱ्या मंगलच्या दुकानात मी राहतो. यंदाच्या खंडेनवमीला माझ्या डोळ्यांदेखत जे झालं, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. लाकडाला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. बसतो हो, चांगला बसतो! मंगलची एकुलती एक लेक आरोही त्या दिवशी जाता जाता राहिली. आणि असं काहीतरी होणार हे मला महिनाभर आधीपासून दिसत होतं. दिसून काय उपयोग? मला तोंड आहे का?

पण पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्ही विचाराल, बोर्ड म्हणजे कुठला बोर्ड? विचारणारच. कारण माझं नाव एवढ्या जणांना देऊन ठेवलंय की मी स्वतः कितीदा हबकलोय. भिंतीवर बटणं असतात, तो लाईटचा बोर्ड. एसटीच्या कपाळावर गावाचं नाव असतं, तोही बोर्ड. सोंगट्या मारतात, तो कॅरम बोर्ड. बेळगावात कॅम्पातली माणसं कसल्याशा बोर्डाला घरपट्टी भरतात म्हणे. एकदा दुकानात कुणीतरी म्हणालं, "आमचा काका कारखान्याच्या बोर्डावर निवडून आला." मी गारच पडलो. माणूस फळीवर निवडून येतो? बसतो कुठं मग? आणि आरोही दहावीत गेल्यापासून तर घरात उठता बसता एकच, "यंदा बोर्डाची परीक्षा हाय." मला आपलं वाटायचं, माझी परीक्षा हिला का द्यावी लागते? तशी ती शेवटी मलाच द्यावी लागली, पण ते पुढं येईल.

माझा जन्म खानापूर तालुक्यातल्या गुंजीचा. भावकू सुताराच्या परड्यात फणसाचं जुनं झाड होतं. ते एका वादळात आडवं झालं. त्याच आठवड्यात शाळेचे हरिभाऊ गुरुजी त्याच्या दारात आले आणि म्हणाले, "भावकू, पोरं भिंतीवर शिकतायत रे. एक फळा करून दे." भावकूनं बुंध्यावर थाप मारली. "गुरुजी, फणस हाय ह्यो. वाळवी शिवत न्हाय ह्येला. पर घाई करू नका, सावलीत वाळू द्या." मग त्यानं मला कापलं, रंधलं, आणि पुढचा पावसाळा उलटेपर्यंत माळ्यावर निजवून ठेवलं. रंधा पहिल्यांदा अंगावरून गेला तेव्हा मी केवढा दचकलो होतो! पण भावकूचा हात हलका होता. मी गुळगुळीत पिवळाधमक झालो, आणि मला वाटलं, आता असाच शाळेत मिरवणार.

कसलं काय! शाळेत पाऊल ठेवलं आणि पोरं माझ्यावर तुटून पडली. बॅटरीचे जुने सेल फोडून त्यातली काळी पूड काढली, भोपळ्याचा पाला ठेचला, आणि दोन्ही कालवून मला चोळायला लागली. अरे, अरे, माझा पिवळा रंग! कुणाला सांगता? दर वर्षी शाळा उघडली की हेच. पोरांचे हात कोपरापर्यंत काळे, आणि मी रात्रीसारखा. पण त्या काळ्या अंगावर गुरुजींनी पांढऱ्या खडूनं पहिला 'अ' काढला ना, तेव्हा मला माझ्या काळेपणाचा अभिमान वाटला. समोर बसलेली चाळीसएक तोंडं एकदम 'अ' म्हणाली. त्यातच दोन वेण्यांची एक बारकी पोर होती, भावकूचीच लेक, मंगल.

पोरं मला ओल्या फडक्यानं पुसायची. भावकूला वाटेनं जाताना दिसलं की तो खिडकीतूनच ओरडायचा, "कोरड्यानं पुसा रं! लाकडाला पानी म्हंजे इख!" पोरं हसायची. मंगल तेवढी हसत नसे. तिची पाळी असली की ती परकराच्या सुक्या टोकानं मला पुसायची आणि आईची बोलणी खायची. बापाची ती शिकवण तिनं आयुष्यभर सोडली नाही, आणि म्हणूनच आज मी तुमच्याशी बोलतोय.

मग शाळेत हिरवा, चकचकीत, कारखान्यात केलेला फळा आला आणि मला व्हरांड्यात टाकलं. तिथं कोंबड्या माझ्यावर चढायच्या. ज्याच्यावर गुंजीची एवढी पोरं बाराखडी शिकली, त्याच्यावर कोंबड्या! भावकूनं बघितलं, मला डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं. मंगलचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं करवत काढली. माझ्या छातीत धस्स झालं. उभा चिरला हो मला, मधोमध! अर्धा देव्हाऱ्याखाली गेला, अर्धा मंगलबरोबर निपाणीला. तो अर्धा म्हणजे मी. "शिवणकाम शिकलीयास, तर कापड बेतायला हुईल," भावकू लेकीला म्हणाला. "फकस्त भिजवू नगंस ह्येला." एसटीच्या टपावर बांधून मी गुंजीहून निपाणीला आलो. हमरस्त्यावरचा तो वारा आणि त्या ट्रकांचे हॉर्न! बेळगाव येईपर्यंत मी डोळे मिटून होतो.

निपाणीत मात्र माझे दिवस पालटले. मंगल माझ्यावर कापड पसरायची आणि खडूनं रेघा मारायची. पुन्हा खडू! मी मनातल्या मनात 'अ' म्हणून घ्यायचो. तिचा नवरा रविराज तंबाखूच्या वखारीत कामाला. माणूस मनानं चांगला, पण उत्साह फार आणि धीर कमी. मंगलनं दुकान काढलं तेव्हा त्यानंच हौसेनं मला रंगवून घेतलं, 'मंगल लेडीज टेलर्स', आणि पत्र्याखाली टांगलं. आता मी दुकानाचा बोर्ड झालो. गिऱ्हाईक लांबून मला बघून यायचं. पावसाळ्याआधी मंगल मला खाली उतरवायची, करंजेल चोळायची आणि पुन्हा टांगायची. रविराज चिडवायचा, "माझ्या डोस्क्याला कधी एवढं तेल लावलं न्हाईस." "तुमी काय गुंजीहून टपावर बसून आलाय?" मंगल म्हणायची, आणि दोघं हसायची. आरोही माझ्याखालीच, चिंध्यांच्या ढिगात रांगायला शिकली.

असं सगळं बरं चाललं होतं. मग यंदा, गणपतीच्या आसपास, रविराजनं नवा बोर्ड आणला.

लोखंडी चौकट, आत दिवे, वर ठळक कन्नड, खाली मराठी, आणि कडेला नटलेल्या कुठल्याशा बाईचं चित्र, जिला मंगलनं कधी ब्लाऊज शिवून दिला नव्हता. खटका दाबला की सगळी गल्ली निळी व्हायची. मला खाली काढून दुकानाच्या आत, दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटणं मी तेव्हाच विसरलो, कारण तिथून मला जे दिसलं त्यानं माझी बोबडीच वळली. लोखंडाला भोक पाडून वायर आत घेतली होती, आणि भोकाच्या धारेवर वायरचं कातडं सोललेलं होतं. आतली तांब्याची तार चकाकत होती. बसवणारा घाईत होता, तो केव्हाच गेला होता. अरे, कुणीतरी वर बघा! मी ओरडत होतो, पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

शेजारच्या मालुबाई पायरीवर बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. एक दिवस उठताना त्यांनी शटरला हात टेकला आणि चटकन मागं घेतला. "अगं मंगल, तुझ्या शटरला मुंग्या येत्यात की!"

"मला बी काल झिणझिणलं," मंगल म्हणाली.

रविराज हसला. "लई पावर हाय बोर्डात. नवीन हाय न्हवं? हुईल कमी."

कमी होईल! मी सुन्न झालो. झिणझिण्या म्हणजे काय चपला आहेत, वापरून सैल व्हायला? पण त्याहून भयंकर पुढंच होतं. गल्लीतल्या पोरांना त्याचा खेळ सापडला. संध्याकाळी बोर्ड लागला की शटरला बोट लावायचं, "आई गं!" म्हणायचं आणि खिदळत पळायचं. कोण जास्त वेळ बोट ठेवतंय, यावर पैजा! मोठी माणसं रस्त्यानं जात होती, बघत होती, हसत होती. आरोहीसुद्धा एकदा बोट लावून म्हणाली, "मम्मी, गुदगुल्या होत्यात गं." माझ्या अंगावर काटा आला. पोरी, त्या गुदगुल्या नव्हेत. आज चप्पल पायात आहे, जमीन सुकी आहे, म्हणून तो तुला नुसता हात लावून बघतोय.

मंगलच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "वायरमनला बोलवा जरा," ती रविराजला म्हणाली. तो म्हणाला, "एवढी खंडेनवमी हुंदे, मग बोलवतो." सणाची कामं होती, ब्लाऊजांचा ढीग पडला होता, तीही गप्प बसली. सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच खटका बंद करत नव्हतं. याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसला, मित्रांनो. शत्रू असता तर समजू शकलो असतो. ही सगळी प्रेमाची माणसं होती.

आणि खंडेनवमी उजाडली.

आमच्याकडं खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. विळे, तराजू, शिलाई मशिनी, मोटारसायकली, सगळ्यांना आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. रविराजनं पहाटेच पाईप जोडला. कात्र्या धुतल्या, स्टूल धुतलं, पायऱ्या धुतल्या, शटर धुतलं. सगळीकडं पाणीच पाणी. मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यानं मला उचलून बाहेर नेलं. "ह्येला बी धुवू. आज पूजा करू, आणि उद्या फोडून बंबात घालू. जागा अडलीया."

ऐकलंत? आज पूजा आणि उद्या बंबात! हार घालून जाळायचा! मला काही सुचेना. पाण्याची धार माझ्यापासून वीतभर असेल, तेवढ्यात मंगल आतून धावत आली आणि मला तिनं अक्षरशः हिसकावून घेतलं.

"पानी लावू नगा त्येला."

"अगं, उद्या जाळायच्या लाकडाला आज कोरडं कशाला ठेवायचं?"

"आप्पा म्हणाल्यात, भिजवायचं न्हाय," ती म्हणाली. "जाळायचं ते उद्याचं उद्या बघू." आणि तिनं मला आत नेऊन पुन्हा भिंतीला टेकवलं. सगळ्या दुकानात त्या सकाळी धुतली न गेलेली वस्तू एकच होती, मी. आणि जमिनीचा कोरडा तुकडाही एकच होता, माझ्या पायाशी, जिथं कापडाच्या चिंध्या साठवलेल्या असतात.

"आता बोर्डाला माळ घाला," रविराज म्हणाला, आणि त्यानं खटका दाबला. दिवसाढवळ्या! "बंद बोर्डाची पूजा बरी दिसतीया व्हय?" त्यानं आधीच त्या बोर्डावरही पाईप मारला होता. चौकटीतून पाणी टपटपत होतं. आरोही माळ घेऊन आली. नवा ड्रेस, ओले केस, अनवाणी पाय. लोखंडी स्टूल ओल्या पायरीवर मांडलं आणि चढली.

नको. नको गं आरोही. नको!

तिनं डाव्या हातानं चौकट धरली.

आवाज असा झालाच नाही. मला वाटायचं, असं काही होतं तेव्हा मोठा आवाज होत असेल. नुसती एक बारीक गुणगुण, आणि आरोही ताठ झाली. माळ खाली पडली. तोंड उघडं, पण शब्द नाही. हात चौकटीला चिकटला तो सुटेचना. रविराज "आरू!" म्हणत धावला आणि तिला धरायला त्यानं हात पुढं केले. तो ओल्या पायरीवर होता. त्यानं तिला शिवलं असतं, तर दोघंही गेली असती.

"शिवू नगंस तिला! शिवू नगंस!" मालुबाई किंचाळल्या. त्यांनी सूप फेकलं, मागून रविराजचा सदरा धरला आणि त्याला पाठीवर पाडलं. "मेन बंद करा! कुणीतरी मेन बंद करा!"

बोर्डाचा खटका बाहेर, करंट उतरलेल्या ओल्या शटराला लागून; मेनचा खटका आत, कापडांच्या गठ्ठ्यांमागं. मंगल आत होती. तिनं एकदा गठ्ठ्यांकडं बघितलं, एकदा लेकीकडं. आणि मग तिनं मला बघितलं.

गुंजीच्या शाळेत सुक्या परकरानं पुसायची ना, तशीच नजर होती तिची, मोठी आणि स्थिर. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, चिंध्यांच्या कोरड्या ढिगावर पाय रोवले, आणि माझी कड आरोहीच्या मनगटाला लावून सगळ्या जोरानं ढकलली. एकदा. हात सुटला नाही. मला त्या पोरीच्या अंगातली थरथर कळत होती. करंट माझ्या कडेपर्यंत आला होता आणि तिथं अडला होता, कारण मी कोरडा होतो, मित्रांनो. मी कोरडा होतो! मंगल ओरडली, काय ओरडली ते तिलाही आठवत नाही, आणि तिनं दुसऱ्यांदा ढकललं. हात सुटला. आरोही स्टुलावरून खाली आली ती रविराजच्या अंगावर.

ती हलत नव्हती. ओठ निळे पडले होते. कुणीतरी मेन बंद केला, कुणीतरी रिक्षा आणली, कुणीतरी तिच्या छातीवर दाबत होतं, मालुबाई "श्वास घे गं बाई, श्वास घे" म्हणून तिचे तळपाय चोळत होत्या. मग सगळी गेली. रिक्षा गेली, माणसं गेली, दुकान तसंच उघडं. मंगलच्या हातून मी पायरीवर पडलो होतो, आणि आता पाणी माझ्या अंगात शिरत होतं. शेजारी झेंडूची माळ पडली होती. मला माझं काही वाटत नव्हतं. फुगलो काय, कुजलो काय, उद्या बंबात गेलो काय. फक्त मला सांगा रे कुणीतरी, ती जगली का? दुपार झाली. ऊन सरकलं. कुणी काही सांगेना. लोक लांबून दुकानाकडं बोट दाखवत होते, आणि तीच पोरं, पैजा लावणारी, समोरच्या कट्ट्यावर गप्प बसली होती.

तिन्हीसांजेला मालुबाई आल्या. त्यांचं तोंड रडून सुजलं होतं. त्यांनी मला उचललं, पदरानं पुसलं, आणि लाकडाशी बोलावं तसं नव्हे, माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "वाचली रं बाबा. बोलली. आईला म्हणाली, माळ घालायची राहिली." आणि त्या मला पोटाशी धरून पायरीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. वायरमननं तो लोखंडी बोर्ड काढून नेला आणि रविराजनं तो परत लावायचं नावही काढलं नाही. दुपारी आरोही घरी आली. हाताला पांढरी पट्टी, चेहरा उतरलेला, पण पायांवर चालत आली. पाठोपाठ गुंजीहून भावकू आला. किती म्हातारा झालाय तो! त्यानं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"आप्पा," रविराज म्हणाला. "ह्येला मी आज बंबात घालणार हुतो. काल धुणारच हुतो, तवर हिनं..." तो ओंजळीत तोंड धरून रडला.

भावकूनं मला हातात घेतलं, दाबून बघितलं. "भिजलाय," तो म्हणाला. "उन्हात ठेवू नगा, तडकंल. सावलीत वाळू द्या." एवढंच. नव्या लाकडाबद्दल गुरुजींना बोलला होता, तेच शब्द.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. माझ्यासारख्या जुन्या फळ्यांवर माया करा, हे तर सगळेच सांगतात. मी दुसरं सांगतो. शटरला, नळाला, फ्रीजला हात लावल्यावर कधी झिणझिणलं, तर हसू नका. पैज लावू नका. "सण झाला की बघू" असं घरातलं कुणी म्हणालं, तर तिथंच हट्ट धरून बसा, हवं तर जेवू नका, पण खटका बंद करायला लावा. आणि कुणी चिकटलं तर त्याला शिवू नका, आधी मेन बंद करा. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हतं, म्हणून मी महिनाभर बघत राहिलो.

काही दिवसांनी मी वाळलो. थोडा वाकलोय, पण वाळलो. पण दसऱ्याच्या त्या संध्याकाळी मी अजून ओलसरच होतो, तेव्हाच घरातल्यांनी माझी पूजा करायची ठरवली. मला पाटावर उभं केलं. आरोहीनं चांगल्या हातानं ती राहून गेलेली झेंडूची माळ माझ्या गळ्यात घातली. मंगलनं कुंकू ओलं करायला बोट पाण्यात बुडवलं, आणि ती थबकली. तिनं बोट पदराला पुसलं, पुन्हा पुसलं, चांगलं सुकं होईपर्यंत पुसलं, आणि मला कोरडं कुंकू लावलं.